कोशात नसलेली चिठ्ठी

मी एक चिठ्ठी बोलतेय. तळहाताएवढी, जाड कागदाची, कोपऱ्यात चहाचा डाग पडलेली. माझ्यावर एकच स्पॅनिश शब्द लिहिलाय: केरेन्सिया.

माझा जन्म स्पॅनिश-मराठी कोश रचणाऱ्या एका कोशकाराच्या टेबलावर झाला. प्रत्येक शब्दाला स्वतंत्र चिठ्ठी, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. उच्चार टिपण्याआधी ते आरशासमोर उभे राहून तो दहादा म्हणायचे. "बाबा, दाढी करताय की भांडताय?" मुलगी विचारायची. काही मुलखांत मला 'केरेंथिया' म्हणतात, तेही त्यांनी लिहिलं. माझं मूळ 'शोधणे' या जुन्या क्रियापदात. पुढे त्याचंच 'हवंसं वाटणे, माया करणे' झालं.

अर्थापाशी मात्र घोडं अडलं. 'माया' लिहिलं, खोडलं. 'ओढ' लिहिलं, तेही खोडलं. हॉस्पिटलमधून घरी आले त्या दुपारी अंथरुणावर पडल्या पडल्याच त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'जनावर मोकळं सोडलं की आपसूक परततं ती जागा, तिची ओढ.' त्यानंतर त्यांनी काहीच लिहिलं नाही. चार दिवसांत गेले.

महिन्याभरानं छापखान्याचा माणूस चिठ्ठ्यांचे खण न्यायला आला.

"ताई, सगळ्या आहेत ना?"

"हो, सगळ्या."

मी तेव्हा मुलीच्या पर्समध्ये होते; बाबांचं शेवटचं अक्षर म्हणून तिनं मला ठेवून घेतलं होतं. उद्या नक्कल करून पाठवू, असं तिनं ठरवलं होतं. पण त्या वेड्यावाकड्या अक्षरांवर नजर गेली की तिचे डोळे भरून यायचे. उद्या-उद्या करता करता कोश छापूनही झाला. मला वाईट वाटलं, पण तिचा राग धरवेना.

पहिलंच पत्र एका निवृत्त भाषाशिक्षकांचं आलं. 'केरेन्सियासारखा शब्द सुटतो? शेवटी शेवटी पाट्या टाकलेल्या दिसतात.'

तिनं मला पर्समधून काढून समोर ठेवलं. "बाबा, तुमच्या नावाला मी बट्टा लावला हो," म्हणून हमसून हमसून रडली.

आज तिनं त्या शिक्षकांना खरं काय ते कळवलंय. माझी नक्कलही छापखान्यात गेलीय. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. पहिलीच्या हजार प्रती मात्र घरोघरी पोचल्यात, आणि प्रत्येकाच्या दारात जाऊन ती कुठे सांगत बसणार?

म्हणून मीच हात जोडते. तुमच्याकडे तो कोश असेल, तर मला पेन्सिलीनं समासात लिहून घ्या. म्हातारा विसरला, असं तेवढं म्हणू नका.