पडद्यावरचं भिंग

चपलांचा आवाज जवळ आला तशी जुरेमाने तीन कळा एकदम दाबल्या. पडदा आक्रसला. बोटाएवढी अक्षरं मुंग्या झाली.

"किती वाकतेस गं? आत शिरून बसणारेस का?" बरोबर काम करणाऱ्या दोना इल्डा टेबलावर फायली टाकत म्हणाल्या.

"पाठ धरलीय."

"तुझी पाठ रोजच धरते बाई."

त्या जाईपर्यंत जुरेमा मुंग्यांकडे वाचत असल्यासारखी बघत राहिली. मग पुन्हा तीन कळा. संगणकाच्या लिनक्स प्रणालीतलं भिंग उघडलं की अक्षरं मोठी होत, पण पानाचा एक तुकडाच दिसे. उरलेलं माऊसने चाचपावं लागे. भिंग मिटलं की काहीच नाही. या दोन्हींच्या मध्ये अडकून ती तीन वर्षं गावातल्या जन्मनोंदी करत होती. दफ्तरखान्यातल्या वाल्दीरची नजर अधू झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी हारतुरे देऊन घरी बसवलं. आता तो ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखतो. जुरेमाची मुलगी ताइना अजून पहिलीत होती.

खिडकीशी एक जोडपं उभं होतं. आईच्या कुशीत पाच दिवसांची मुलगी. जुरेमाला चेहरा दिसला नाही. दुधाचा वास तेवढा आला.

"नाव काय ठेवताय?"

"जासिआरा," बाप म्हणाला. "आजीचं."

तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली. संगणक नव्याने सुरू होऊ लागला. भिंग आत शिरल्यावरच चाले. दारातल्या, परवलीचा शब्द विचारणाऱ्या पानावर नाही. तो शब्द ती बोटांच्या सवयीने टाकी. गेल्या आठवड्यात त्या पानाने भलतंच काही विचारलं होतं. ते वाचता न आल्याने ती तोच शब्द टाकत राहिली आणि संगणकाने दार लावून घेतलं. मग कार्यालयप्रमुख सेऊ आनिबाल आले, उघडून दिलं, निघून गेले.

आज तर दोना इल्डा मागेच येऊन उभ्या राहिल्या होत्या, बाळ बघायला.

पडदा उजळला. परवलीचा शब्द विचारणारं प्रत्येक अक्षर अंगठ्याएवढं होतं.

"अगंबाई, हे असं कुणी केलं?" दोना इल्डांनी विचारलं.

दारातलं भिंग बसवायला संगणकाची मुख्य किल्ली, म्हणजे वेगळा परवलीचा शब्द लागतो. तो एकाच माणसाकडे होता.

"मी," मागून सेऊ आनिबाल म्हणाले. "अधूनमधून मला बसावं लागतं इथे. चष्मा घरी राहतो माझा."

सेऊ आनिबालना चष्मा नव्हता.

त्यांच्या हातात शिमाराँवचा, कडू पाल्याच्या चहाचा तुंबा होता. एकच तुंबा सगळ्यांत फिरवायची सकाळची फेरी चालू होती. बाकीचे तुंबा टेबलाच्या कडेला ठेवत आणि जुरेमा तो हळूच चाचपून घेई. सेऊ आनिबाल मात्र नेहमी तिच्या हातातच देत. आजवर तिला वाटे, ती त्यांची रीत.

तिने नळीने तो कडू, गरम घोट तळाशी गुरगुर होईपर्यंत ओढला. आभाराचा शब्द ओठांवर आला. पण तुंबा परत करताना आभार मानले, की अर्थ एकच: बास, मला पुन्हा देऊ नका.

तिने तुंबा मुकाट्याने परत दिला. मग परवलीचा शब्द टाकून, दोना इल्डा मागे उभ्या असतानाही भिंग न मिटता, ती बाळाचं नाव एकेक अक्षर लिहू लागली.

मागे सेऊ आनिबालनी तुंब्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.