मच्छिंद्र चेअरमनचा वेताळ

सगळं गाव तोंडावर खोटं बोलत होतं, आणि मच्छिंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तसं बघायला गेलं तर गोष्ट केवढीशी! चैत्रात देवीच्या जत्रेला गावात सोंगं निघायची. कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून माणसं संबळावर नाचायची. मुखवटे रंगवायचा गहिनीनाथ सुतार. तो वारला, तेव्हा मच्छिंद्रनं हौसेनं ब्रश हातात घेतला. लहानपणी बापाचा मार खाऊनसुद्धा तो गहिनीनाथच्या ओट्यावरून हलायचा नाही. पुढं ऊस झाला, सोसायटीची चेअरमनकी झाली, पण जीव अडकला होता तो त्या रंगातच.

सत्तर सालच्या जत्रेला त्यानं पहिला वेताळ रंगवला. "चेअरमन, गहिनीनाथाला मागं टाकलं तुमी!" सगळ्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि हा बाबा चढला. जत्रेत वेताळ नाचायला लागला तशी पोरं भ्यायची सोडून खिदळायला लागली. एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "आये, ह्याच्या पोटात दुखतंय का गं?" आईनं झटक्यात त्याच्या तोंडावर हात दाबला आणि मच्छिंद्रकडं बघून कसंनुसं हसली.

त्याला राग आला तो त्या हाताचा. पोरगं तर बिचारं खरंच बोललं होतं.

म्हणून पुढच्या साली त्यानं ठरवलं, चार लोकांना विचारून विचारून हात सुधारायचा. संगमनेरहून ऑइलपेंटचे नवे डबे आणले. वेताळ रंगवून ओट्यावर मांडला आणि येईल त्याला विचारायला लागला, "कुठं चुकलंय ते सांगा. भीड धरू नका."

बन्सी म्हणाला, "चुकलंय? मला तर भ्या वाटायलंय चेअरमन, दुसरीकडं ठिवा त्याला!" बन्सीला सोसायटीतून युरिया पाहिजे होता. यशया मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, निदान त्यांना तरी दिसायला नको? त्यांनी चष्मा पुसला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "उत्तम. रंगसंगती फारच उत्तम." शाळेच्या कुंपणाला सोसायटीनं हातभार लावावा म्हणून मास्तर महिनाभर खेटे घालत होते. आता बोला! मच्छिंद्रला वाटलं, उद्या मुखवट्याला नुसतं शेण फासून ठेवलं तरी हे लोक माना डोलावतील. माणसानं शिकायचं तरी कुणाकडून?

एका संध्याकाळी बन्सी आणि मास्तर ओट्यावर टेकले होते. मच्छिंद्रची बायको छबूबाई चहा घेऊन आली.

"ए, तू सांग," मच्छिंद्र वैतागून म्हणाला. "तू तरी खरं सांग."

छबूबाईनं कपबशा खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि ती मुखवट्यासमोर उकिडवी बसली. किती तरी वेळ नुसती बघत राहिली. एवढा वेळ त्या मुखवट्याकडं गावात कुणी बघितलंच नव्हतं.

"सांगू?"

"सांग की!"

"ह्याला राग आल्याला न्हाई. ह्यो तर भ्यालाय. डोळं केवढं फाडल्यात त्याचं! भ्यालेलं मानूस डोळं फाडतंय. रागावल्यालं मानूस डोळं बारीक करतंय, भुवया खाली वडतंय."

"तुला गं काय म्हाईत?"

"आवो, मी राग रोज बघते. आमटीत मीठ कमी पडलं तरी बघते."

बन्सी फिस्सकन हसला. मास्तरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

झालं! मच्छिंद्रनं लाथ मारली ती कपबशांवर. "नवऱ्याची चारचौघांत इज्जत काढतीस? चुलीम्होरं बसायचं सोडून मला शिकवती व्हय गं? पुन्यांदा ह्या कामात तोंड घातलंस तर याद राख!"

छबूबाईनं कपांचे तुकडे पदरात गोळा केले आणि ती आत गेली. बन्सी लगेच म्हणाला, "वहिनींचं काय मनावर घेता चेअरमन? वेताळ एक नंबर हाय." मच्छिंद्रला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं. पण जो जाळ काढायचा तो भलतीकडंच काढून झाला होता.

तोंड धुवायला गेला तर खुंटीच्या आरशात स्वतःचं थोबाड दिसलं. डोळे बारीक. भुवया खाली. बाईनं सांगितलं तस्सं! तो स्वतःवरच चरफडला, पण आरशासमोरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी वेताळाचे डोळे खरवडून नव्यानं काढले. गल्लीतलं कुत्रं मुखवट्यावर भुंकलं आणि शेपूट घालून मागं सरकलं. कुत्र्याला काही युरिया नको होता. मच्छिंद्रला लई बरं वाटलं.

तरी काहीतरी खटकत होतं. डोळ्यांत जाळ आला होता, पण खालचं तोंड त्याला साथ देत नव्हतं. जबडा रुंद केला, अरुंद केला, सुळे वाढवले, कमी केले. छे! दुपारभर बसून डोकं उठलं. चूक आहे एवढं कळत होतं, कुठं आहे ते सापडत नव्हतं. सापडणारं माणूस गावात एकच होतं. आणि ते माणूस त्या दिवसापासून भाकरी गरम वाढत होतं, मीठ बरोबर घालत होतं आणि कामापुरतंच बोलत होतं.

शेवटी मच्छिंद्र मुखवटा घेऊन चुलीपाशी गेला. "बघ जरा."

छबूबाईनं भाकरी थापता थापता मान वर केली. "चांगला झालाय."

"नीट बघ की. डोळं तू म्हनलीस तसंच काढल्यात."

"व्हय. चांगलं काढल्यात."

"तोंडापाशी चुकतंय गं कुठंतरी. मला घावंना झालंय. तुला दिसतंय, मला म्हाईत हाय." त्याचा आवाज एकदम खाली आला. "त्या दिवशी माझंच चुकलं. सांग ना. मी कायबी बोलनार न्हाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिची नजर वेताळाच्या हनुवटीवर गेली आणि तिथंच थांबली. मच्छिंद्रनं ते बघितलं. तो श्वास रोखून पुढं झुकला.

तिनं नजर काढून घेतली.

"कुठंच चुकलं न्हाई," ती म्हणाली. "वाढू का?"