सरकीचं नवं गाणं

"आवाज तेवढा बदलू," फोनमधला पुण्याच्या म्युझिक कंपनीचा माणूस म्हणाला. "चाल तुमची, शब्द तुमचे, बँडचं नावही तुमचंच. व्हिडिओत मनीषाताईच दिसतील. फक्त गाईल दुसरी."

फोन गादीवर ठेवला होता, स्पीकर चालू होता. मनीषाला खोकला आला. तिने तो ओढणीत दाबला.

"का पन?" अंगदने हलगी बाजूला ठेवत विचारलं.

"श्वास फार ऐकू येतो हो. ओळीच्या मधेच तुटतो. लोक गाणं अर्ध्यातच सोडून देतात."

"कळवतो, सर," म्हणून रिजवानने फोन बंद केला.

ही खोली भोकरदनला, रिजवानच्या वडिलांच्या गादी-रजईच्या दुकानामागे होती. पिंजलेल्या कापसाचे ढीग छतापर्यंत. कापूस आवाज शोषून घेतो, भिंतीवरून परत येऊ देत नाही. म्हणून रिजवानने माइक इथेच लावला होता. दार-खिडकी घट्ट लावून त्यांनी गाणं रेकॉर्ड केलं. तंतू मात्र आतल्या आत फिरत राहिले. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या धुळीने जिची छाती आधीच आवळलेली, तिलाच आपण कापसात कोंडून गायला लावलं, हे त्यांना रेकॉर्डिंग संपल्यावर सुचलं.

"मामूचं घर रिकामं हाय," रिजवान म्हणाला. "तिथं परत करू."

"तिथंबी असाच येईल," मनीषा म्हणाली. "हिवाळाभर असाच राहतो."

"मंग ताई, बुरा नका मानू. आपण सालभर लग्नातच वाजवून राह्यलो. अशी कंपनी पुन्हा न्हाई भेटायची."

"तूच नेस की साडी," अंगद म्हणाला. "अन् तूच हलव ओठ."



'सरकी' हे बँडचं नाव मनीषानेच सुचवलं होतं. रुई यंत्रातून पुढे जाते, सरकी खाली पडते. जिनिंगमध्ये काम करताना ती रोज ते बघत होती. गाणंही तिचंच होतं, तिच्या आईवर रचलेलं:

*पांढरं पांढरं उडून राह्यलं,
माय माझी त्यात बुडून राह्यली.*

आई, गोपिकाबाई, त्याच जिनिंगमध्ये म्हातारी झाली होती. आता तिला आडवं झोपता येत नसे. भिंतीला उशी लावून ती बसल्या बसल्या डोळे मिटायची.

दोन दिवसांनी कंपनीने नमुना म्हणून पाठवलेलं दुसऱ्या आवाजातलं गाणं फोनवर आलं. मनीषाने ते आईजवळ बसून लावलं. आवाज गोड होता, स्वच्छ होता. ओळ सुरू झाली की अखंड शेवटापर्यंत जायची.

"चांगली गाते," गोपिकाबाई म्हणाली. "कोनाची हाय?"

"पुण्याची."

"छातीला काही न्हाई तिच्या."

"न्हाई."

गोपिकाबाई जरा वेळ धापत राहिली. मग म्हणाली, "मंग माझं गाणं तिच्याकडं कशाला गेल्तं?"

मनीषाने रिजवानला फोन लावला.

"न्हाई म्हन त्यांना."

"ताई, जरा सोचो तरी."

"सोचलं. आवाज माझाच जाईल. तुला पटत नसंल तर तुझा कीबोर्ड काढून घे. मी अन् अंगद हलगीवर काढू."



"कीबोर्ड काढला तर राहतं काय? मिरवणूक!"

"मंग राहू दे त्याला."

"शुक्रवारी यूट्यूबवर टाकतो," रिजवान शेवटी म्हणाला. "नमाज पढून आलो की लगेच. कंपनीचा नंबरबी उडवून टाकतो, उगीच मन व्हायला नको."

शुक्रवारी जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा गाणं आलं. मनीषा जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठींच्या सावलीत बायकांबरोबर बसली होती. गाण्याखाली अंगदच्या चुलत्याने हात जोडल्याची खूण टाकली होती. त्याखाली कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'माइक खराब आहे का? श्वास ऐकू येतोय.'

मनीषाने एकेक अक्षर दाबून उत्तर लिहिलं, 'माइक बराबर हाय. श्वास माझा हाय.'

"काय बघून राह्यली गं एकटीच?" गिरिजाबाईने विचारलं. ती त्या सगळ्यांत मोठी. "आम्हाला न्हाई का कान?"

मनीषाने आवाज वाढवला आणि फोन मधल्या डब्यावर उभा केला. दोन ओळी झाल्या आणि घंटा वाजली. मुकादम सर्जेराव शेडच्या दारात आला.

"चला चला, जल्दी! कापसाचा पट्टा चालू केलाय."

"गाणं होऊ द्या," गिरिजाबाई म्हणाली.

"गाणं घरी जाऊन ऐका की!"

"घरी कशाला? इथलंच हाय ते."

कुणी उठलं नाही. आत यंत्रं सुरू झाली, तसा फोनचा आवाज बुडायला लागला. बायका पुढे सरकल्या, डोक्याला डोकं लावून वाकल्या. मनीषा मागेच राहिली. तिला आता गाणं ऐकू येत नव्हतं. बायकांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या, पदरांवर कापूस चिकटलेल्या.

सर्जेराव एक पाऊल पुढे आला, थांबला.

"किती राह्यलं अजून?"

"होतंय," मान वर न करता गिरिजाबाई म्हणाली.

त्याच्या मागे, शेडमध्ये, पट्टा रिकामाच फिरत होता.