छतावर फेकलेल्या किल्ल्या

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले आहे. मोटारींच्या दुकानाच्या छतावर लाल कापडाचा एक उंच माणूस असतो. पायाखालच्या पंख्याची हवा अंगात भरली की तो हात वर करून करून नाचतो. तो मी. आता मी जुना झालो. कोपराला ठिगळ आहे, डाव्या हाताच्या बोटांच्या चिंध्या झाल्या आहेत. तोंडावरचे हसू मात्र पहिल्या दिवसासारखेच आहे, कारण ते शिवलेले आहे. तेवढे ध्यानात ठेवा. ही हकिगत सांगताना मी संतापणार आहे, आणि तुम्हाला हसतानाच दिसणार आहे.

ज्या ताग्यातून मला कापले, त्याच ताग्यातून माझ्या भावंडांचे तंबू झाले. ती आज कुठल्या तरी डोंगरात कुणाच्या तरी झोपेची राखण करत उभी असतील. माझ्या वाट्याला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या केलर्सफोर्ड गावचे वेंडेल क्रूप यांचे दुकान आले. मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा दोरा दातांनी तोडला, माझ्या गालावर थोपटले आणि ती म्हणाली, "जा, लोकांना हसव." मी तसे करायचे मनापासून ठरवले होते.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. समोरच्या रस्त्याने शाळेची पिवळी बस जायची. मी हात हलवला की खिडक्याखिडक्यांमधून हात बाहेर यायचे. बस चालवणाऱ्या ऑपलबाई हॉफस्टेटर जोरात भोंगा वाजवायच्या आणि मग मुलांना दटावायच्या, "हात आत! तो कापडाचा आहे, त्याचा तुटला तर शिवता येतो." त्यांच्या गळ्यात पिवळी दोरी असायची. दोरीला किल्ल्या आणि एक पितळी शिट्टी. बसमध्ये दंगा झाला की शिट्टी एकदाच वाजायची आणि सगळी बस खाली बसायची. माझे कौतुक करणारी माणसे तेवढीच. दुकानात येणाऱ्यांना वाटायचे, बाहेर इतके हसू आहे तर आतही असेल.

आत काय होते ते मला दिसायचे. छताच्या मधोमध उजेडासाठी एक काच बसवली होती. पंखा बंद असला की मी तिच्याशेजारी ढीग होऊन पडायचो आणि खाली बघायचो.

मित्रांनो, मी तिथे काय पाहिले ते ऐका. गिऱ्हाईक येते. त्याला साधी गोष्ट हवी असते, गाडीची किंमत. ती सोडून त्याला सगळे मिळते. कॉफी मिळते, शनिवारी फुकट हॉटडॉग मिळतो, पोराबाळांची चौकशी होते. विक्रेता विचारतो, "महिन्याला किती झेपेल?" आणि गिऱ्हाइकाने आकडा सांगितला की म्हणतो, "थांबा, तुमच्यासाठी साहेबांना विचारून येतो." साहेब म्हणजे वेंडेल क्रूप. ते काचेच्या खोलीत डोनट खात बसलेले असतात. विक्रेता आत जातो, दार लावतो, आणि दोघे एरी सरोवरातल्या माशांबद्दल बोलतात. मासा केवढा होता ते हातांनी दाखवतात. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटते, आपल्यासाठी केवढे हातवारे चालले आहेत! मग विक्रेता केस विस्कटून, टाय सैल करून बाहेर येतो. "भांडलो हो तुमच्यासाठी," तो म्हणतो. किंमत होती तिथेच असते. उलट टायरमधल्या खास हवेचे पैसे वाढलेले असतात. खास हवा! मी जन्मभर हवेवर जगलो आहे, हवेत खास काय असते ते मला कुणी विचारले नाही.

हे सगळे मी गिळले. किल्ल्यांचे मात्र मला गिळता आले नाही.

गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन आले की विक्रेता तिची किल्ली मागून घ्यायचा. "आमचा माणूस गाडीवर नजर टाकेल, लगेच देतो." मग तो मागच्या दाराने बाहेर जायचा आणि किल्ली छतावर भिरकावून द्यायचा. गिऱ्हाईक कंटाळून उठले की किल्ली सापडत नाही. किल्ली नाही म्हणजे घरी जाता येत नाही. घरी जाता येत नाही म्हणजे बसावे लागते, आणि बसलेला माणूस शेवटी सही करतो. सही झाली की शिडी लावून किल्ली खाली आणायची. ही युक्ती वेंडेल क्रूप यांच्या वडिलांची, आणि ते ती नव्या विक्रेत्यांना घराण्याचा वारसा म्हणून शिकवायचे. किल्ल्या माझ्या पायाशी, कधी अंगावर येऊन पडायच्या. त्यांना कुणाच्या लेकीचा फोटो लावलेला, कुणाचा बाटली उघडायचा चाप. आणि थोड्या वेळाने पंखा सुरू झाला की मी त्याच माणसांच्या डोक्यावर नाचायचो.

असाच एक मंगळवार उजाडला. ऑपलबाई आल्या. बस चालवणे सुटले होते, पण गळ्यातली दोरी सुटली नव्हती. त्यांचे यजमान लाईल यांना शेजारच्या गावी डायलिसिसला सोडून त्या आल्या होत्या. दुपारी बारा वाजता त्यांना आणायला जायचे होते. लाईलचे गुडघे वाकत नाहीत. घरची गाडी बसकी, तिच्यातून त्यांना बटाट्याच्या पोत्यासारखे ओढून काढावे लागे. बाईंना उंच सीटची गाडी हवी होती. बाकी काही नको.

त्यांना सामोरा आला रस्टी किमल. तो विक्रेता झाला त्याच्या आधी त्यांच्या बसमधला पोरगा होता.

"मिस ऑपल! या या! ओळखलंत ना?"

"तुला न ओळखायला काय झालं? शेवटची सीट, खिडकीला च्युइंगगम."

"तुमची जुनी गाडी आपण घेऊ की. किल्ली द्या, आमचा माणूस बघून ठेवेल."

दुसरा कोणी असता तर त्यांनी दिली नसती, असे मला वाटते. बसमधला पोरगा म्हणून त्यांनी दोरी गळ्यातून काढली आणि त्याच्या हातात दिली. थोड्याच वेळात ती माझ्या अंगावर येऊन पडली, शिट्टीसकट. मी ढीग होऊन पडलेला. पिवळी दोरी माझ्या डाव्या हाताभोवती अडकली.

खाली बाई विचारत होत्या, "या गाडीची सीट जमिनीपासून किती उंच आहे?"

"आधी सांगा, महिन्याला किती झेपेल?"

"मी सीटचं विचारलं."

"सीट काय, फर्स्टक्लास! पण महिन्याला?"

"रस्टी, बाळा, दुकानात फूटपट्टी आहे का रे तुमच्या?"

"साहेबांना विचारून येतो."

तो काचेच्या खोलीत गेला. वेंडेल क्रूप यांनी बोटांवरची साखर चाटली. "काय म्हणते म्हातारी?"

"सीटची उंची विचारते."

"उंची? तिला रंग दाखव."

रस्टीने केस विस्कटून घेतले आणि तो बाहेर आला. रंग दाखवले. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. असे इतक्या वेळा झाले की शेवटी शेवटी त्याला केस विस्कटावे लागेनात. भिंतीवरचा काटा बाराकडे सरकत होता. बाई उठल्या, कोटाची बटणे लावली. "गाडी राहू दे. किल्ली दे माझी."

"तपासणीवाला जेवायला गेलाय, मिस ऑपल."

"किल्ली घेऊन?"

"विसराळू आहे हो."

"रस्टी, लाईलचं मशीन आता बंद होईल. नंतर त्याला फार थंडी वाजते. मी दारात असते. कायम असते."

"मग फोन करा ना त्यांना. थांबतील."

"तो थांबेलच रे," बाई म्हणाल्या. "तेच तर दुःख आहे."

तेव्हा वेंडेल क्रूप स्वतः बाहेर आले. पेन पुढे केले, कागदावर बोट ठेवले. "काळजी करू नका मॅडम. एवढी सही झाली की माझी सगळी माणसं किल्ली शोधायला लावतो." बाईंनी घड्याळाकडे पाहिले, दाराबाहेरच्या आपल्या बसक्या गाडीकडे पाहिले. आणि पेन उचलले.

मित्रांनो, मी वर पडून होतो. किल्ली माझ्या हातात होती. तोंड होते, पण ते हसण्यासाठी शिवलेले. ओरडता येईना, उठता येईना. तुम्ही म्हणाल, कापडाला कसला राग? मी सांगतो, त्या दिवशी मी जितका तापलो तितका उन्हानेही कधी तापलो नव्हतो.

मला उठवले ते वेंडेल क्रूप यांच्या लोभाने. समोरच्या रस्त्यावर एक गाडी जराशी हळू झाली. तेवढे बघून ते ओरडले, "अरे गिऱ्हाईक चाललंय! लाल्या झोपलाय का?" आणि बाईंना सही करायला सोडून, स्वतः धावत जाऊन त्यांनी पंख्याचे बटण दाबले. आपल्या छतावर आत्ता काय आहे, याचा त्यांना विसर पडला. हवा माझ्या पायांतून छातीत शिरली, छातीतून हातांत. मी उठलो, आणि माझा डावा हात आभाळात गेला. त्या हाताला पिवळी दोरी, किल्ल्यांचा जुडगा आणि पितळी शिट्टी. मी असा काही नाचलो की सगळे दुकान खणखणले.

तेल बदलायला आलेला एक माणूस बाहेर उभा होता. त्याने टोपी मागे सारली. "अहो क्रूप, तुमचा लाल्या कुणाच्या किल्ल्या वाजवतोय?"

ऑपलबाई सही न करताच पेन ठेवून बाहेर आल्या. मान वर केली. मागोमाग रस्टी आला.

"हा तुमचा तपासणीवाला का?" बाईंनी विचारले. "जेवण वरच घेतो वाटतं."

वेंडेल क्रूप यांनी धावत जाऊन बटण बंद केले. हवा गेली आणि मी पडलो. एरवी मी मागे पडतो, काचेशेजारी. त्या दिवशी पुढे पडलो, छताच्या कडेवरून खाली, आणि माझा हात बरोबर ऑपलबाईंच्या तोंडासमोर येऊन लटकला. वाऱ्याने पाडले की मी पडलो, याबद्दल मी बोलणार नाही. बाईंनी माझ्या हातातून दोरी सोडवून घेतली आणि मला म्हणाल्या, "थँक यू."

मग त्यांनी शिट्टी तोंडाला लावली.

ती शिट्टी एकदाच वाजली. रस्टी किमल जिथे उभा होता तिथेच, दुकानाच्या पायरीवर, टायसकट खाली बसला.

"बर्फात तू रोज उशीर करायचास," बाई म्हणाल्या. "बस थांबवून ठेवायचे मी. मागची पोरं ओरडायची, तरी थांबवायचे. का, तर पोरगं एकटं रस्त्यावर राहू नये." त्यांनी दोरी गळ्यात घातली. "आज माझा माणूस रस्त्यावर बसलाय."

लाईल खरेच दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते. दंडाला कापूस, अंगात पातळ जाकीट, ओठ निळे. ते रागावले नाहीत. "ट्रॅफिक होतं का?" एवढेच त्यांनी विचारले. हे मला मागाहून कळले आणि मला त्या दिवसापेक्षा जास्त राग आला.

पुढे काय झाले? तेल बदलायला आलेल्या माणसाने तेलापेक्षा गोष्ट जास्त पसरवली. छतावर आपल्याही किल्ल्या जाऊन आल्या, हे गावाला एकमेकांना सांगताना कळले. लोक घरबसल्या, फोनवर बोट फिरवून गाड्या मागवू लागले. तिथे किंमत गाडीच्या फोटोखालीच लिहिलेली असते. क्रूप यांनी पाटी बदलली, फुगे वाढवले, मला दिवसभर नाचवले. कुणी फिरकेना. त्या हिवाळ्यात दुकान बंद झाले. माझ्या अंगावर बर्फ साठले, मग ते वितळून पंख्यात गेले. कुणी झाकले नाही. शेवटी खुर्च्या, टेबले, डोनटचा डबा यांच्यासोबत माझाही फोटो विकायला इंटरनेटवर चढला. फोटोत मी हसत होतो.

मला ऑपलबाईंनी घेतले. त्यांनी आयुष्यात ऑनलाइन घेतलेली पहिली वस्तू मी. लाईलना म्हणाल्या, "आधी हा मागवून बघते. हा धड आला तर गाडी मागवू."

मी धड आलो. लाईल स्वयंपाकघरात माझ्या कोपराला ठिगळ लावत होते, त्याच सकाळी बाईंनी टेबलावर संगणक उघडला. गाडीच्या फोटोशेजारी एक छोटी चौकट उघडली. त्यात अक्षरे उमटली: "मी रस्टी. काय मदत करू?"

बाईंनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने लिहिले, "शेवटची सीट?"

मग उमटले, "हो, मिस ऑपल. आता घरूनच काम करतो."

"या गाडीची सीट किती उंच आहे?"

"जरा थांबा हं, साहेबांना विचारून येतो."

बाईंनी ते मोठ्याने वाचले. लाईलची सुई माझ्या कोपरातच थांबली. बाईंनी गळ्यातली दोरी चाचपली आणि सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिले, "ये विचारून. घाई नाही. किल्ली माझ्या गळ्यात आहे."

या वेळी रस्टी फार लवकर परत आला. सीटची उंची लिहिली, दाराची रुंदी न विचारता लिहिली, आणि खाली लिहिले, "लाईलकाकांना गुडघे वाकवावे लागणार नाहीत." महिन्याला किती झेपेल, हे त्याने विचारले नाही. शहाणा झाला असेल, किंवा तो प्रश्न विचारायला तिथे दुसरी चौकट असेल.

गाडी ट्रकवरून घरी आली. लाईल दार उघडून नुसते मागे टेकले आणि बसले. मग उतरले. मग उगाच पुन्हा बसले.

मी आता बाईंच्या परसात टोमॅटोच्या वाफ्यात उभा असतो. पंखा नाही. अंगात पेंढा भरला आहे, त्यामुळे मी प्रथमच स्वतःच्या पोटावर उभा आहे. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी छतावर नाचताना दिसला तर त्याला हात जरूर करा, पाऊस आला तर त्याला झाकायला कुणाला तरी सांगा. पण त्याचे हसू बघून आत जाऊ नका. ते शिवलेले असते. आणि गेलातच, तर आपली किल्ली आपल्या खिशात ठेवा, मागणारा कितीही ओळखीचा असो.

माझे काम कावळे हाकलण्याचे. ते येतात, टोमॅटोला चोच मारतात, उघड्यावर, माझ्या देखत. मध्येच थांबून साहेबांना विचारून येतो असे म्हणत नाहीत. म्हणून मी त्यांना फारसे हाकलत नाही.