रातकिड्यांची ओली माती

‘दूध काय, आटतं गं. चार दिवस छाती घट्ट बांधून ठेव, की आटतं.’ — सासूचा, आपाचा तो आवाज, डोंगरातल्या नारिनच्या वाऱ्यात राठ झालेला, पण मायेचाच. आणि बुरुलच्या बोटांत आत्ता गाजराची चकती, तिच्या कडेला चिकटलेला एक रातकिडा, मिशा हलवत, सोडतच नाही म्हणणारा. वीस वर्षं होऊन गेली त्या आवाजाला. तरी तो असा कधीही येतो — पीठ मळताना, जिना चढताना — आणि बहुतेक करून इथंच येतो, रेडिएटरजवळ, या पेटीशी गुडघे टेकून बसलं की...

पेटी साधीच, प्लास्टिकची, लोकरीचे कपडे ठेवायची. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, त्यांच्या खळग्याखळग्यांतून रातकिड्यांचं गाव वसलेलं. वरच्या कडेनं गुळगुळीत चिकटपट्टी, म्हणजे चढून पळता येत नाही. कोपऱ्यात ओला कापूस, कारण उघड्या पाण्यात पिल्लं बुडतात. हे सगळं बुरुल शिकली ती जिपारसाठी. जिपार कॉलेजला बिश्केकला आली, या घरात राहायला आली, ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात काचेच्या पेटीत ठिपक्याठिपक्यांची पाल घेऊन. बाजारातून आणलेले रातकिडे हिवाळ्यात वाटेतच गारठून मरायचे, आणि पाल उपाशी राहिली की जिपारही जेवायची नाही. ‘वहिनी, हिला जिवंतच लागतं गं,’ असं रडवेली होऊन म्हणाली होती.

वहिनी. पोटच्या मुलीच्या तोंडून.

यात नवल कुणाला वाटायचं? पहिलं मूल आजीआजोबांचं, असंच चालत आलंय आपल्याकडे. ते आजीला आपा म्हणतं, म्हणजे आई, बापाला दादा, आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी. लपवाछपवी कसली नाही, जिपारलाही सगळं ठाऊक आहे. सासरे गेले, सासूचं घर ओकंबोकं झालं, आणि जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी चाळीस घरच्या चिंध्यांचं अंगडं घातलेली ती एवढीशी मुलगी त्याच दिवशी सासूच्या शालीत गेली. बुरुलनं सगळ्यांना चहा ओतला होता. एक पेला हिंदकळला नव्हता. ‘गुणाची सून हो,’ बायका म्हणाल्या होत्या... आणि मी मान खाली घालून हसले होते. खरंच हसले होते.

पेटीच्या मधोमध ओल्या मातीची डबी. माद्या येतात, सुईसारखं शेपूट मातीत खुपसून उभ्या राहतात, थरथरतात, अंडी घालतात. मग डबी बाहेर काढायची आणि वेगळी उबेला ठेवायची, कारण ठेवली तर माद्या स्वतःच माती उकरून अंडी खातात. आजवर प्रत्येक वेळी बुरुलनं डबी वेळेवर काढली. आज सकाळी मात्र हात आत घातला आणि तसाच परत घेतला...

‘वहिनी, डबी अजून आतच?’ जिपार ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून दारात.

‘असू दे.’

‘असू दे काय? खातील ना त्या!’

‘सगळ्याच खातात असं कुठंय?’

‘घ्या! बाजारात त्या पाली पाळणाऱ्यांना लेक्चर कोण देतं मग? मीच का?’ ती शेजारी उकिडवी बसली. साबणाचा वास आला. ‘बरं, रविवारी यांची किरकिर बंद करशील ना? तिलेकची आई पालीला घाबरते म्हणे, किड्यांनाही घाबरत असेल. माझ्या कानात झुमके घालता घालता पळत सुटली म्हणजे?’

‘पळू दे. झुमके तेवढे ठेवून जा म्हणावं.’

जिपार खळखळून हसली. हसताना तिचं नाक किंचित चुरगळतं — आरशात बुरुलचंही चुरगळतं. हे कुणी कधी बोलून दाखवलेलं नाही.

रविवारी तिलेकची माणसं येणार. त्याची आई जिपारच्या कानात झुमके घालणार, म्हणजे मुलगी त्यांची झाली. त्या वेळी दारासमोरच्या मानाच्या जागी मुलीशेजारी तिची आई बसते. झुमके घालणारी बाई आधी त्या आईकडे बघते, ती मान हलवते, मगच हात कानाकडे जातो. ती मान आपा हलवणार. घर बुरुलचं, कणकेचे तळलेले गोळे, बोर्सोक, बुरुलचे, आणि बुरुल चहाच्या समोवारापाशी.

‘वहिनी, रविवारी...’ जिपार म्हणाली आणि थांबली. पुठ्ठ्याचा एक कोपरा नखानं उगाच सोलू लागली.

‘काय गं?’

‘काही नाही. बोर्सोक जास्त तळ. त्यांच्याकडचे खादाड आहेत सगळे.’

ती उठून गेली, आतल्या खोलीत केस वाळवायचं यंत्र घुरघुरू लागलं. काय म्हणणार होती? वाक्य ‘तू’वर वळणार होतं की ‘आपा’वर? बुरुल पेटीत वाकून बघत राहिली. एक मादी डबीत उतरली होती, पुढच्या पायांनी माती चाचपत — उकरतेय की जागा शोधतेय? एवढ्या जवळून बघूनही कळत नाही. आणि मी इतके दिवस बघायला थांबलेच नाही. खातात म्हणाले, काढून घेतली...

फोन वाजला. आपा.

‘बुरुल, पोरी, उद्या दुपारच्या गाडीनं निघते गं. घोडीच्या दुधाचा कुमीस आणतेय, जिपारला आवडतो. आणि ते किडे टाक बाई बाहेर! व्याही यायचेत घरात. म्हणतील, ही सून मेंढरं सोडून किड्यांचं खिल्लार राखते.’

‘बाल्कनीत ठेवते, आपा.’

‘ठेव. निळा रुमाल बांध डोक्याला, तुला खुलतो. आणि समोवारापाशीच बस, म्हणजे उठबस नको तुला. पोरीजवळ मी बसेन. गुडघे गेलेत माझे, पण तिच्यासाठी बसेन हो तेवढी.’

त्या आवाजात किती हौस होती. आयुष्यभर जपून ठेवलेली, रेशमी कापडासारखी हौस. हिनं जिपारचा ताप उतरवला, हिनं वेण्या घातल्या, हिच्याच कुशीत ती दात खात झोपायची. हे सगळं खरं; म्हणूनच तर ‘हो, आपा’ नेहमी तयार असायचं, जिभेच्या टोकाशी, पुसून ठेवलेल्या पेल्यासारखं. आताही ते आलं, ओठांपर्यंत आलं... आणि बुरुलनं ते गिळलं. छातीत काहीतरी सैल झालं; भीती वाटली, पण ती भीती थंडगार नव्हती. आतल्या खोलीतलं घुरघुरणं थांबलं होतं. जिपार ऐकत असणार. ऐकू दे.

‘ऐकतेस ना गं?’

‘आपा, समोवारापाशी शेजारची ऐनुरा बसेल,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी, खालचा, सावकाश वाटला. ‘तुम्ही मानाच्या जागीच बसा. तुम्ही वाढवलंत तिला, तुमचा मान कोण काढून घेतंय? पण तिच्या दुसऱ्या बाजूला मी बसणार.’

पलीकडे, नारिनच्या त्या घरात कुणीतरी दार लोटल्याचा आवाज.

‘काय झालंय तुला? तूच तर दिलीस ना गं माझ्या ओटीत?’

‘नाही, आपा. मी दिली नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं.’