मेणातलं मूल

व्हिबियसने मेणाची चकती दिव्यावर किंचित गरम केली आणि बारीक कोरणीने देवीच्या वस्त्राची शेवटची चुणी काढली. उजाडत होतं. खालच्या गल्लीत पाववाल्याची भट्टी पेटली होती. पाणी घातलेल्या द्राक्षारसात शिळा पाव बुडवून त्याने खाल्ला, बोटं पुसली आणि चकती पुन्हा हातात घेतली. सम्राज्ञीला मूल झालं होतं. चांदीच्या नव्या नाण्यावर एका बाजूला तिचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला संततीची देवी फेकुंदितास हवी, असा टांकसाळीचा हुकूम होता. चेहरा कालच कोरून झाला होता.

आतल्या खोलीतलं सुनेचं कण्हणं थांबलं. मुलगा रुफियो दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, तिसरीही मुलगीच. सुईणीने जमिनीवर ठेवलीय." त्याची नजर भिंतीवर होती. "कर्ते तुम्ही. उचललीत तर आपली, नाहीतर मी वेशीबाहेर ठेवून येतो. तुम्ही आपले नेहमीसारखे कामावर जा."

नेहमीसारखे. तीस वर्षांपूर्वी, रुफियोच्या आधी झालेल्या मुलीकडे न बघता व्हिबियस असाच कामावर गेला होता. संध्याकाळी परतला, तेव्हा फरशी धुऊन झाली होती आणि मुलगी घरात नव्हती.

त्याची बायको प्रिस्का पाण्याची परात घेऊन बाहेर आली आणि मेणाकडे बघत थबकली.

"टांकसाळीने दिलेल्या नमुन्यात मूल देवीच्या कडेवर आहे ना? तुम्ही पायाशी का ठेवलंत?"

"हात चुकला."

"तुमचा? सगळ्या टांकसाळीला चुका दाखवत फिरता की!" मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिचे डोळे उघडे होते, अहो. तेव्हाच्या तिचे."

व्हिबियसने कोरणी खाली ठेवली आणि तो आत गेला. मुलगी फरशीवर मुठी वळून पडली होती. कुरकुरणारे गुडघे टेकून तो वाकला आणि त्याने तिला उचललं.

"बाबा, आणखी एक खाणारं तोंड—"

"माझ्या ताटात जेवेल."

प्रिस्का उंबऱ्यात उभी होती. तिने हात पुढे केले नाहीत.

"तेव्हाही एवढंच वाकायचं होतं," ती म्हणाली.

नातीला डाव्या हाताच्या बेचक्यात धरून तो कामाच्या पाटाशी बसला. देवीच्या पायाशी काढलेलं मूल त्याने अंगठ्याने दाबून सपाट केलं. तिच्या कडेवर जागा होती. त्याने कोरणी उचलली.