धुण्याची तार मी नव्हे

मी तार बोलतेय. धुणं वाळत घालायची नव्हे, हे आधीच सांगते. कारण बदनापुरातल्या या घराला ते अजून उमगलेलं नाही. मी रेडिओची एरियल आहे, अस्सल तांब्याची.

रामकिसन एस.टी.त कंडक्टर होते तेव्हा त्यांनी मला जालन्याहून आणलं आणि माळवदावरच्या बांबूपासून अंगणातल्या लिंबापर्यंत ताणून बांधलं. सातासमुद्रापलीकडचा आवाज पकडायचा मी, आणि कौतुक रेडिओच्या डब्याचं! आवाज बिघडला तरी थापट्या डब्यालाच. अकलेचे कांदे.

शॉर्टवेव्हचा आवाज आभाळाला थडकून खाली येतो. भर दुपारी मलूल, दिवस कलला की जोरात. मध्येच बुडतो, पुन्हा वर येतो. पण हे कळायला डोकं लागतं. रामकिसनची बायको बेबीनंदा माळवदावर येऊन माझ्यावर ओल्या चादरी टाकते. मी लोंबून न्हाणीच्या पत्र्याला टेकते, की आवाज गडप. पोरगा कल्याण घरभर स्वस्तातले दिवे आणि चार्जर लावतो. त्यांची खरखर गिळायची मी. वर हाच शहाणा बापाला सांगतो, मोबाइलवर सगळं येतं. रेंज गेली की मोबाइल उंच धरून माळवदावर माकडासारखा फिरतो, आणि जुनाट म्हणे मी.

रामकिसन एका परदेशी केंद्राचा हिंदी कार्यक्रम ऐकायचे. तिथून आपलं नाव ऐकावं, एवढीच त्यांची जन्माची हौस. पत्रं किती धाडली! नाव आलंही असेल, पण नेमका तेव्हा आवाज बुडालेला. गेल्या हिवाळ्यात तो कार्यक्रम बंद होणार होता आणि शेवटच्या संध्याकाळी जुन्या श्रोत्यांची नावं वाचणार होते.

त्या दिवशीही मी चादरींखाली वाकलेलीच. रामकिसन अंगणात सेलवरचा रेडिओ घेऊन बसले. नावं सुरू झाली आणि नुसती खरखर. त्यांनी सवयीनं डब्याला थापट्या मारल्या, मग हात मांडीवर ठेवला. डोळे भरले होते.

बेबीनंदानं ते पाहिलं. तिनं घराचा मेन स्विच पाडला. कल्याणची टीव्हीवरची मॅच गेली, तो करवादत बाहेर आला. तोवर बाई माळवदावर. चादरी ओढून फेकल्या आणि मला हातानं वर धरलं. आवाज लख्ख झाला. सोडलं तर बुडाला. तिनं पुन्हा धरलं.

"मी धरून राह्यले," ती वरून म्हणाली. "तुमी ऐका बराबर."

नाव आलं. 'बदनापूर, ज़िला जालना से, रामकिसन और बेबीनंदा.' नवरा प्रत्येक पत्रात स्वतःबरोबर तिचंही नाव लिहितो, हे तिला ठाऊकच नव्हतं. कार्यक्रम संपला तरी तिनं मला सोडलं नाही.

आता तिथून काही येत नाही. बाई धुणं अजून माझ्यावरच घालते; शिकली असेल तर शपथ. पण दिवस कलला की ओलं असो, वाळलेलं असो, सगळं काढून नेते. कल्याणनं कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या रेडिओचा टाइम झाला."

खाली रामकिसन खरखर ऐकत बसतात. दोघंही खुळी. काय डोंबल येणार आहे आता?

मी मात्र तेवढा वेळ अंग ताठ ठेवते.